बारमथ: वेल्सच्या किनाऱ्यावरचं एक लहान गाव, त्याचा लाकडी पूल आणि त्याची टेकडी

बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन, डडली या इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या साठीपुढच्या कुणालाही विचारा, लहानपणी समुद्र कुठे पाहिलात? बऱ्याच जणांच्या तोंडून एकच नाव येतं: बारमथ. कारखान्यांना सुट्टी लागली की आगगाडीत बसून अख्खी कुटुंबं वेल्सच्या या किनाऱ्यावर जायची. आजही उन्हाळ्यात तिथल्या रस्त्यावर वेल्श भाषेच्या बरोबरीने मिडलंड्सचे हेल कानावर पडतात. आम्ही बर्मिंगहॅमला राहतो, त्यामुळे नाव ओळखीचं होतं. तरी भारतातून पाहुणे आले की लंडन, लेक डिस्ट्रिक्ट, एडिंबरा हा ठरलेला रस्ता कधी सुटत नव्हता. या वेळी आई-बाबा आले तेव्हा ठरवून बारमथला गेलो. आता माझं मत पक्कं झालंय की जुन्या वारशाची आवड असलेल्या माणसाने इथे किमान दोन रात्री काढाव्यात आणि त्यातला निम्मा वेळ वाळूवर न घालवता टेकडीवर आणि पुलावर घालवावा.

गावाचं वेल्श नाव आबरमाउ. स्थानिक लोक बोलताना नुसतं ‘बर्मो’ म्हणतात. वस्ती अडीच हजारांच्या आतबाहेर. एका बाजूला कार्डिगनचा उपसागर, दुसरीकडे मौदाख नदीची लांबरुंद खाडी आणि पाठीला उभी खडकाळ टेकडी. या तिघांच्या कात्रीत सपाट जमीन अशी फारशी उरतच नाही. मूळ गाव त्यामुळे टेकडीवर चढलेलं आहे. खालचा मुख्य रस्ता, हॉटेलं, चर्च, किनाऱ्यालगतचा लांब फिरायचा रस्ता हे सगळं प्रामुख्याने रेल्वे आल्यानंतरचं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं.

आधी पोहोचायचं कसं ते सांगते, कारण इथे प्रवास हाच सहलीचा मोठा भाग आहे. बर्मिंगहॅमहून ट्रान्सपोर्ट फॉर वेल्सची गाडी श्रूसबरीमार्गे मखन्थ्लेथला येते. तिथे गाडीचे दोन भाग होतात. एक भाग ॲबरिस्टविथला जातो, दुसरा किनाऱ्याने वर पुल्हेलीकडे. बारमथ या दुसऱ्या वाटेवर आहे. तेव्हा चढतानाच फलाटावरची पाटी बघा, गार्डला विचारा आणि योग्य डब्यात बसा. सामान घेऊन आयत्या वेळी डबे बदलायला वयस्कर माणसांना त्रास होतो. एकूण चारेक तास लागतात. गाड्या साधारण दोन तासांनी एक अशा आहेत, म्हणजे एक चुकली की अर्धा दिवस गेला. मोटारीने डोल्गेख्लायमार्गे तीन तासांच्या आसपास लागतात, पण उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळवणं हे एक कामच होऊन बसतं. मी आगगाडीच सुचवेन.

जाताना डाव्या बाजूच्या खिडकीत बसा. मखन्थ्लेथ सोडलं की आधी डव्ही नदीची खाडी लागते, मग रूळ थेट समुद्राला चिकटतात. फ्रिओगजवळ गाडी कड्याच्या कडेने जाते: खाली लाटा, वर सुटे दगड. १८८३ आणि १९३३ साली या टप्प्यावर दरड कोसळून इंजिनं खाली गेली. दुसऱ्या अपघातानंतर रुळांवर काँक्रीटचं छप्पर बांधलं गेलं, गाडी आजही त्याखालून जाते. आपल्या कोकण रेल्वेने पावसाळ्यात प्रवास केलेल्या कुणालाही या छपराची किंमत वेगळी सांगायला नको. त्यानंतर थोड्याच वेळात गाडीचा वेग उतरतो, चाकांचा आवाज पोकळ होतो आणि दोन्ही बाजूंना नुसतं पाणी दिसायला लागतं. तो बारमथचा पूल. या वेळी मात्र डावी खिडकी सोडून उजवीकडे या. खाडीच्या आत डोंगरांच्या रांगा एकीमागे एक सरकतात आणि ८९३ मीटर उंचीचा कादेर इद्रिस दक्षिणेला उभा असतो.

या पुलाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पूल १८६७ साली पुरा झाला. लांबी साधारण पाऊण किलोमीटर. बहुतांश पूल लाकडाचा आहे, पाण्यात उभ्या केलेल्या लाकडी खांबांच्या ११३ चौकटींवर तोललेला. बारमथच्या बाजूला मात्र लोखंडी गाळे आहेत. त्यातला एक गाळा जहाजांना वाट देण्यासाठी उघडता यायचा. मूळची सरकती रचना जाऊन विसाव्या शतकाच्या तोंडावर तिथे फिरणारा गाळा आला, आता तोही जहाजांसाठी उघडत नाही. ब्रिटनमध्ये इतक्या लांबीचे लाकडी रेल्वेपूल आता जवळपास उरलेले नाहीत, आणि यावरून रोजच्या प्रवासी गाड्या धावतात. रुळांच्या शेजारी लाकडी फळ्यांची पायवाट आहे. चालणारे आणि सायकलवाले ती वापरतात.

पुलाच्या अभियंत्यांची दोन नावं सांगितली जातात: बेंजामिन पियर्सी आणि हेन्री कोनिबेअर. मी भांडुपला वाढले. दुसरं नाव वाचल्याबरोबर थबकले, कारण हा कोनिबेअर आपल्या मुंबईचा. कुलाब्याचं अफगाण चर्च, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं आणि १८५८ साली खुलं झालेलं, त्याच्या आराखड्यावर उभं आहे. त्याहून मोठं काम म्हणजे विहार. मुंबईतल्या विहिरी आणि तळी आटायची, लोकांचे हाल व्हायचे, रोगराई पसरायची. शहराच्या आरोग्याचे अहवाल लिहिणाऱ्या या माणसाने मिठी नदीच्या खोऱ्यात धरण बांधून नळाने पाणी आणायची योजना मांडली आणि पुढे नेली. काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६० पर्यंत विहारचं पाणी मुंबईत पोहोचलं. विहार तलाव आजही महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहे. तोच माणूस इंग्लंडला परतल्यावर वेल्सच्या रेल्वेच्या कामाला लागला आणि बारमथच्या खाडीवरच्या पुलात त्याचा हात लागला. बाबांना हे पुलावरच सांगितलं. ते बराच वेळ कठड्याला धरून खालचे खांब न्याहाळत होते. मुंबईकर पाहुणे घेऊन जाणार असाल तर ही गोष्ट त्यांना पुलावर उभं राहूनच सांगा.

हे कामही सुखासुखी झालं नाही. रेल्वेचा कंत्राटदार थॉमस सॅव्हिन १८६६ साली आर्थिक संकटात बुडाला. तरी पुढच्या वर्षी पूल उभा राहिला. पुलाने गावाला प्रवासी दिले आणि त्याच वेळी गावचं बंदर हळूहळू मारलं. त्याआधी बारमथ हे जहाजबांधणीचं आणि लोकरी कापडाच्या निर्यातीचं ठिकाण होतं. डोंगरातल्या घराघरांत विणलेलं कापड आणि मोजे इथून बाहेर जायचे. माल रेल्वेने जायला लागला तशी शिडाची जहाजं कमी झाली.

१९८० साली आणखी एक संकट आलं. खांब तपासताना आढळलं की लाकूड पोखरणारा समुद्री प्राणी, ज्याला इंग्रजीत शिपवर्म म्हणतात, पाण्याखालचे खांब आतून खातोय. गाड्या थांबवाव्या लागल्या. पूलच बंद करावा, आणि त्याबरोबर किनाऱ्याची वरची रेल्वेही, असा विचार जोरात होता. लोकांनी ते होऊ दिलं नाही. दुरुस्ती झाली, हलक्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या. अलीकडे २०२० ते २०२३ या काळात मोठं काम झालं. लाकूड बदललं, लोखंडी गाळे नवे बसवले, सुमारे ३ कोटी पौंड खर्च आला. जुन्या रचनेच्या जागी काँक्रीट न ओतता तिची हुबेहूब पुनर्बांधणी करायची, हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. पायवाटेवरून चालताना खाली वाका आणि बघा: शेवाळ आणि शिंपले चढलेल्या काळपट खांबाच्या शेजारी नव्या लाकडाचा पिवळसर खांब, दोन्हींना धरणारे लोखंडी बोल्ट आणि फळ्यांच्या फटीतून वेगाने वाहणारं भरती-ओहोटीचं पाणी.

पुलावर जाणाऱ्यांसाठी थोडं. स्टेशनपासून पुलाचं टोक पंधरा-वीस मिनिटांवर आहे, वाट डोल्गेख्लायच्या रस्त्याला लागून खाली उतरते. वारा असतोच, टोपी धरून ठेवा. लहान मुलांचा हात सोडू नका. मागून सायकली येतात, तेव्हा डावीकडून चाला. पलीकडच्या टोकाला जवळच मोर्वा मौदाख नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथून एक स्टेशन उलट येऊन बारमथ गाठता येतं. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी ही उत्तम सोय आहे: जाताना चालत, येताना गाडीने. तिथे गाडी विनंतीवरूनच थांबते. चढायचं असेल तर चालकाला दिसेल असा हात करा, उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगा. आई-बाबांनी असंच केलं आणि आई अजिबात दमली नाही.

आता टेकडी.

मुख्य रस्त्यावरून ‘दिनस ओलाय’ची पाटी बघून एका गल्लीत शिरायचं की चढण सुरू होते. आधी जुनं बारमथ लागतं. खडक फोडून केलेल्या पायऱ्या आणि त्यांच्या दोन्ही अंगांना दगडी घरं. जागा इतकी कमी की एकाच्या दारातून खालच्याच्या धुरांड्यात डोकावता यावं. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने अंग चोरून उभं राहायचं. घरांमध्ये माणसं राहतात, तेव्हा खिडक्यांत कॅमेरे घालू नका. फाटकं उघडली तर परत लावा.

यातल्या काही घरांमागे एक वेगळा प्रयोग आहे. फॅनी टॅलबट नावाच्या इथल्या एका श्रीमंत विधवेने १८७० च्या दशकात आपली डझनभर घरं जॉन रस्किनच्या सेंट जॉर्ज गिल्डला देऊन टाकली. रस्किन म्हणजे त्या काळचा मोठा कलासमीक्षक आणि समाजचिंतक. यंत्रयुगात माणसाचं काय होणार या प्रश्नाने तो अस्वस्थ होता. गांधीजींवर त्याच्या लेखनाचा किती खोल परिणाम झाला हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. गिल्डचा उद्देश असा की साध्या माणसांना वाजवी भाड्यात चांगलं घर मिळावं, जमिनीचा मालक भाडेकरूला पिळणारा नसावा. १८७६ साली रस्किन स्वतः ही घरं बघायला आला होता. यातल्या एका घरात ऑग्युस्त गुयार नावाचा फ्रेंच गृहस्थ राहायचा. पॅरिसला वेढा पडला त्या युद्धानंतर तो इकडे आला आणि या खडकावर मजगी बांधून भाजी, औषधी झाडं लावत राहिला. त्याची समाधी टेकडीवरच आहे, ‘फ्रेंचमॅन्स ग्रेव्ह’ म्हणून. दगडी कुंपणातली साधी कबर. तिथपर्यंत पायवाट जाते.

याच फॅनीबाईंनी १८९५ साली टेकडीचा साडेचार एकरांचा तुकडा नॅशनल ट्रस्टला, म्हणजे वारसा आणि निसर्ग जपणाऱ्या, तेव्हा नुकत्याच स्थापन झालेल्या संस्थेला दिला. ट्रस्टला मिळालेली ही पहिली मालमत्ता. आज या संस्थेकडे अडीच लाख हेक्टरच्या आसपास जमीन आहे, शेकडो वाडे, बागा, मैलोन्‌मैल किनारा आहे. त्या सगळ्याची सुरुवात बारमथच्या या खडकापासून झाली. ऑक्टेव्हिया हिल, हार्डविक रॉन्सली आणि रॉबर्ट हंटर या तिघांनी त्याच वर्षी ट्रस्ट उभा केला होता. फॅनीबाईंची रस्किनशी मैत्री, रस्किन आणि ऑक्टेव्हिया हिल यांचा जुना परिचय, त्यामुळे धागा जुळला. बाईंची इच्छा अशी होती की जागा लोकांसाठी कायम खुली राहावी, पण तिला कुणी ‘नटवू’ नये, निसर्गाला त्याच्या मनासारखं वागू द्यावं.

आणि तसंच झालंय. वर तिकीटखिडकी नाही, उपाहारगृह नाही. काटेरी गॉर्स झुडपांची पिवळी फुलं, हेदर, दगडफुलं धरलेले करडे खडक आणि बसायला थोडी जागा. खाली गावाची पाटीच्या दगडाची छपरं, पलीकडे पुलाची बारीक रेघ, खाडीतले वाळूचे पट्टे भरतीबरोबर बदलत जातात. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला ख्लीन द्वीपकल्प दिसतो. गेली कित्येक वर्षं महाराष्ट्रात टेकड्या वाचवण्यासाठी लोक झगडत आहेत. पुण्याच्या टेकड्या घ्या नाहीतर मुंबईतला डोंगरउतार. एका बाईने कुठला गाजावाजा न करता असं दान दिलं आणि सव्वाशे वर्षांवर ते जसंच्या तसं राखलं गेलं, हे पाहून मला फार बरं वाटलं. वारशाचा विचार करताना आपण किल्ले, देवळं, वाडे मोजतो. मोकळी ठेवलेली टेकडीही त्यात धरली पाहिजे.

चढण उभी आहे. दगड ओले असले की निसरडे होतात, चपला नकोत, तळ धरणारे बूट हवेत. धडधाकट माणसाला अर्धा तास पुरे. आईने निम्म्यापर्यंत येऊन तिथल्या बाकावरून खाडी बघितली आणि तीही खूश होती. ज्यांना आणखी चालायचंय त्यांनी पुढे पॅनोरमा वॉक नावाच्या वाटेने खाडीच्या बाजूला जावं. तिथून नदी, पूल आणि कादेर इद्रिस एका नजरेत येतात. व्हिक्टोरियन प्रवासी याच दृश्यासाठी यायचे. वर्ड्‌स्वर्थ १८२४ मध्ये येऊन गेला होता. विद्यार्थिदशेतला चार्ल्स डार्विन १८२८ च्या उन्हाळ्यात इथे अभ्यासाच्या निमित्ताने राहिला आणि भुंगेरे गोळा करत हिंडला.

बंदराचा भाग एका सकाळीत होतो. धक्क्यावर ‘द लास्ट हॉल’ नावाचं संगमरवरी शिल्प आहे: तीन पिढ्यांचे कोळी मिळून जाळं ओढतायत. दगडाची कथा शिल्पाइतकीच ओढून घेणारी आहे. १७०९ साली जिनोआचं एक जहाज इटलीतल्या करारा खाणींचा संगमरवर घेऊन चाललं होतं. बारमथच्या उत्तरेला पाण्याखाली दगडगोट्यांची एक लांब रांग आहे, सार्न बद्रिग. तिच्याजवळ ते बुडालं. १९७८ साली स्थानिक पाणबुड्यांना अवशेष सापडले: तोफा, नाणी आणि १६७७ साल कोरलेली काशाची घंटा. घंटेवरूनच आता त्या जहाजाला ‘ब्रॉन्झ बेल’ म्हणतात. दोन-दोन टनांचे चाळीसहून जास्त संगमरवरी ठोकळे तळाशी होते. त्यातला एक वर काढून फ्रँक कॉक्सी या स्थानिक शिल्पकाराने हे शिल्प घडवलं. कोळ्यांच्या पाठी आणि हात गुळगुळीत आहेत, ठोकळ्याचा काही भाग तसाच खडबडीत ठेवलाय. त्यावरून हात फिरवून बघा, जवळजवळ तीन शतकं समुद्रात राहिलेला दगड कसा होतो ते हाताला कळतं.

शेजारीच ‘टी ग्विन’, पंधराव्या शतकातलं घर. तेव्हाच्या एका वेल्श कवीच्या कवितेत या घराचा उल्लेख आहे. हेन्री ट्यूडरला (पुढचा राजा सातवा हेन्री) इंग्लंडच्या गादीवर बसवण्याची मसलत त्याचा काका जॅस्पर याने इथे केली, असं परंपरा सांगते. बुडालेल्या जहाजाची माहिती देणारं छोटं प्रदर्शन वरच्या मजल्यावर आहे. जवळच ‘टी क्रून’, म्हणजे गोल कोठडी, १८३० च्या दशकातली. दारू पिऊन दंगा करणाऱ्या खलाशांना रात्रभर डांबायला बांधलेली. आत दोन कप्पे, एक पुरुषांना, एक बायकांना. पाच मिनिटांत बघून होते. १८९० साली सुरू झालेली खलाशांची वाचनखोली, सेलर्स इन्स्टिट्यूट, मात्र चुकवू नका. किनाऱ्यावर अडकलेल्या खलाशांना दारूच्या गुत्त्याऐवजी बसायला, वर्तमानपत्र वाचायला जागा हवी म्हणून एका पाद्रीबुवांनी ती काढली. आजही आत वर्तमानपत्रं असतात, भिंतींवर जहाजांची जुनी चित्रं आहेत. दार उघडं असेल तर आत जा, हळू आवाजात बोला आणि पेटीत काहीतरी टाका.

बंदरावरच आणखी एक भारतीय धागा भेटतो. १९३६ मध्ये नोएल ओडेलबरोबर नंदादेवीच्या शिखरावर पहिल्यांदा पोहोचलेला बिल टिलमन उत्तरायुष्यात बारमथजवळ या खाडीकाठी राहायचा. डोंगर झाल्यावर त्याने समुद्र धरला, लहान शिडाच्या होड्यांतून ध्रुवीय समुद्रांपर्यंतच्या सफरी केल्या आणि १९७७ साली दक्षिण अटलांटिकमध्ये तो बेपत्ता झाला. त्याच्याच प्रेरणेतून त्याच वर्षी ‘थ्री पीक्स यॉट रेस’ इथून सुरू झाली: शिडाच्या होडीने किनाऱ्याने वर स्कॉटलंडपर्यंत जायचं आणि वाटेत वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड तिघांची सर्वोच्च शिखरं पायी चढायची.

गावातलं सेंट जॉन चर्च टेकडीच्या अंगावर उंच बांधलंय, त्यामुळे सगळीकडून दिसतं. त्याचा मनोरा बांधकाम चालू असतानाच १८९१ मध्ये कोसळला. नंतर पुन्हा उभारला गेला. पैसा मुख्यतः पेरिन्स कुटुंबाचा, म्हणजे वूस्टर सॉसच्या बाटलीवरच्या त्याच नावाचा.

किनारा लांब, वाळूचा, छान आहे. ओहोटीला पाणी दूर जातं. करमणुकीची यंत्रं, आइस्क्रीम, गाढवाची सवारी हे सगळं आहे. मुलं रमतात. एक गोष्ट गंभीरपणे घ्या: खाडीच्या तोंडाशी वाळू कितीही कोरडी आणि जवळ दिसली तरी ओहोटीत चालत पलीकडे जायचा विचार करू नका, तिथे पोहूही नका. पाण्याला प्रचंड ओढ असते आणि भरती मागून येऊन वाट कापते. भरतीच्या वेळा रोज बघा, धक्क्यावरच्या सूचना वाचा.

पलीकडे जायला उन्हाळ्यात छोटी होडी मिळते. ती पेनरिन पॉइंटला सोडते, तिथून फेअरबोर्नची लहान वाफेची गाडी. ही १८९५ साली घोड्यांनी ओढायची ट्रॅम म्हणून सुरू झाली, पिठाच्या व्यवसायातल्या मॅकडूगल घराण्यातल्या एकाने वसवत आणलेल्या फेअरबोर्न गावासाठी. आज रुळांची रुंदी जेमतेम सव्वाबारा इंच आहे. होडीने जा, छोट्या गाडीने फेअरबोर्न गाठा आणि मोठ्या गाडीने पुलावरून परत या. हा फेरा एका दुपारीत होतो. फेअरबोर्नमध्ये थोडं थांबाही. गाव समुद्रसपाटीला टेकलेलं आहे. पाणी वाढतंय, त्यामुळे २०५४ नंतर तिथला बांध राखायचा नाही अशी योजना जाहीर झाली आणि गावकऱ्यांच्या घरांची किंमत रातोरात पडली. तिथे घरांपुढच्या बागा नीट राखलेल्या बघताना पोटात तुटतं. आपल्या कोकणपट्टीतही हा प्रश्न दाराशी आलाच आहे.

दुसरा दिवस असेल तर सायकल भाड्याने घेऊन मौदाख ट्रेल करा. बारमथ ते डोल्गेख्लाय, सुमारे १५ किलोमीटर, १९६५ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून. चढ नाही, बाबागाडी किंवा चाकाची खुर्चीही बऱ्याच भागात जाते. वाटेत पेनमाएनपूलचा १८७९ चा लाकडी टोलपूल दिसतो. सायकल नको असेल तर चालत डोल्गेख्लाय गाठून टी-३ बसने परत या. ती खाडीच्या उत्तर काठाने, बॉन्टदीवरून येते. तिथल्या क्लोगाऊ खाणीतल्या सोन्याच्या अंगठ्या १९२३ पासून ब्रिटिश राजघराण्याच्या लग्नात वापरल्या जातात. उत्तरेला हार्लेकचा तेराव्या शतकातला किल्ला गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. दक्षिणेला टीविनहून तालिथ्लिन रेल्वे निघते. ही १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेली जगातली पहिली रेल्वे.

खाण्याचं. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे, फिश अँड चिप्स घेऊन धक्क्यावर बसा, पण सीगल पक्षी हातातून उचलतात, पुडी छातीशी धरून खा. शाकाहारींनी एक प्रश्न जरूर विचारावा: चिप्स कशात तळता? काही दुकानांत गाईच्या चरबीत तळतात. विचारलं की लोक नीट सांगतात. लीक आणि चीजचं ग्लॅमॉर्गन सॉसेज नावाला सॉसेज असलं तरी बिनमांसाचं आहे. वेल्श रेअरबिट म्हणजे मोहरीची चव दिलेलं चीज पावावर भाजलेलं. चहाबरोबर ‘बारा ब्रिथ’ नावाचा सुकामेव्याचा केक घ्याच. आम्ही थेपले आणि मेतकूट-भाताची तयारी नेली होती. आईचा एक वेळचा प्रश्न त्याने सुटला. रात्री आठनंतर स्वयंपाकघरं बंद होतात, जेवण लवकर उरका.

मे-जून किंवा सप्टेंबर सगळ्यांत चांगले. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो. शाळांच्या सुट्ट्यांत खोल्या महाग होतात आणि शनिवार-रविवारसाठी बरेच हॉटेलवाले किमान दोन रात्रींचं असेल तरच आरक्षण घेतात. नोव्हेंबर ते ईस्टर या काळात होडी, छोटी गाडी, बरीचशी प्रदर्शनं बंद असतात. पूल आणि टेकडी मात्र बारा महिने खुली. छत्री नेऊ नका, वाऱ्यात मोडते. वाऱ्यापावसाचं जाकीट हवं. जुन्या घरांतल्या खोल्यांचे जिने अरुंद आणि उभे आहेत, ज्येष्ठ बरोबर असतील तर तळमजल्याची खोली आधीच मागून घ्या. खाडीच्या आतल्या भागात मोबाइल चालेलच असं नाही, गाड्यांचं वेळापत्रक उतरवून ठेवा. सकाळी दुकानात शिरताना ‘बोरे दा’ (सुप्रभात) आणि निघताना ‘दियोल्ख’ (धन्यवाद) म्हणा, समोरच्याचा चेहरा उजळतो आणि मग गप्पा सुरू होतात.

परतीची गाडी शक्यतो दुपारची घ्या, शेवटची नको. मखन्थ्लेथला जोडणी चुकली तर दोन तास फलाटावर काढावे लागतात. आणि निघण्याच्या दिवशी सकाळी भरतीची वेळ पाहून पुन्हा एकदा पुलावर जाऊन या. ओहोटीत दिसणारा पूल आणि भरतीत दिसणारा पूल यांत बराच फरक आहे. दोन्ही बघायला हवेत.